इंजिनाला कोणता रंग होता

"ही आपली नाय," नाना दारातूनच म्हणाले आणि उघड्या बोनेटकडे पाठ करून घरात निघून गेले.

नाना म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या पुढे. आणि 'ही' म्हणजे त्यांची स्वतःची जुनी जीप. आईला जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती गोठ्याच्या कडेला उभी होती आणि उभ्या-उभ्या तिचं इंजिन पार जाम झालं होतं. भावाने आणि मी ती ओढत शहरातल्या द्वारका चौकाच्या पुढच्या एका गॅरेजला नेली. मेस्त्रीने इंजिन खाली उतरवलं, ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवला, त्याने तो कॉस्टिकच्या टाकीत उकळून काढला, बोअर केला, नवे पिस्टन पडले, आणि पोळ्याच्या पंधरा-वीस दिवस आधी ती स्वतःच्या पायांनी घरी आली. आम्हा बहीण-भावांची छाती फुगली होती. आणि नाना म्हणतात, आपली नाही!

मी मागोमाग घरात गेले. "नाना, अहो चेसिसचा नंबर बघा, तीच आहे."

"आपल्या इंजिनाला रंग व्हता," ते म्हणाले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

एवढंच.

बाहेर येऊन पाहिलं तर खरंच, इंजिन राखाडी, नागडं लोखंड दिसत होतं. मेस्त्रीने मुद्दाम रंग मारला नव्हता. आधी चार फेऱ्या मारा, कुठे तेल गळतंय का बघा, मग रंगाचं बघू, असं त्याचं म्हणणं. मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. इंजिनाचा रंग ही गोष्ट माझ्या आयुष्यात कधी आलीच नव्हती. मी शहरातल्या शाळेत गणित शिकवते. बोनेटखाली काय असतं, ते कुणीतरी दुसऱ्याने बघायचं असतं, असा माझा पक्का समज.

पण ह्या जीपचं साधं नव्हतं. आमचं घर भाजी आणि झेंडूवर चाललेलं. मी लहान असताना नानांनी बैलजोडी विकून ही जीप घेतली, रोज पहाटे माल मार्केटला न्यायला. त्या वर्षी पोळ्याला आमच्या दारात बैल नव्हता. गावभर बैल सजले, आणि आई म्हणाली, "ज्यानं राबायचं त्याला सजवायचं. मग तो चारा खाओ नाहीतर पेट्रोल." तिने जीपला गोंडे बांधले, झेंडूच्या माळा घातल्या, आणि नानांनी ती बैलांच्या मिरवणुकीत मारुतीच्या देवळाला फेरी मारून आणली. पहिल्या वर्षी लोक पोट धरून हसले. नंतर सवय झाली. सगळ्यात शेवटी, बैल बुजू नयेत म्हणून अंतर ठेवून, हॉर्न न वाजवता आमची जीप. आई शेजारच्या सीटवर, मांडीवर पुरणपोळीचं ताट.

आई गेली आणि नानांनी उंबरठा ओलांडलेला नाही. मळ्यात नाही, पारावर नाही, लग्नकार्यात नाही. जेवा म्हटलं की जेवतात, झोपा म्हटलं की झोपतात. ह्या उन्हाळ्यात एकदाच आपणहून बोलले, "पोळ्याला जीप फिरली पाहिजे." त्या एका वाक्यावर आम्ही इंजिन करायला काढलं. जीप फिरली तर नाना घराबाहेर पडतील, एवढा साधा हिशोब होता. आणि आता रंगावरून सगळं अडलं होतं.

ठीक आहे, म्हटलं, रंगच लावायचा ना? मी नानांना विचारलं, कोणता होता?

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आईला विचार."

मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला सांगितलं, वहिनीने भावाला, आणि आम्ही तिघं ओट्याजवळ उभे राहून कुजबुजत राहिलो. म्हणजे आता आई गेली हेही लक्षात नाही? भाऊ म्हणाला, डॉक्टरला दाखवू. वहिनी म्हणाली, परवा आईंच्या श्राद्धाची तिथी त्यांनीच तर सांगितली. मग हे काय? कुणालाच काही कळेना. मी पुन्हा जाऊन, जरा मोठ्याने, लहान मुलाला विचारतात तसं विचारलं. नानांनी असं काही पाहिलं माझ्याकडे की मलाच माझी लाज वाटली. उत्तर तेच.

मग मी माझ्या पद्धतीने शोधायला घेतलं. गणित शिकवणाऱ्या माणसाला वाटतं, चार जणांना विचारलं की उत्तर निघतं.

भाऊ म्हणाला, "हिरवा. डोळे झाकून सांगतो, हिरवा."

वहिनी म्हणाली, "छे, निळा. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी मला कौतुकाने बोनेट उघडून दाखवलं होतं."

"मी दाखवलं?" भाऊ म्हणाला.

"मग काय शेजाऱ्याने?"

हरसूलला आत्या असते. तिला फोन लावला. तिकडे बाजाराचा दिवस होता, मागे कोंबड्यांचा कलकलाट. "तांबडा!" ती ओरडली. "कुंकवासारखा! गाडी पहिल्यांदा आमच्याकडं आली, तव्हा तुझ्या बापानं समद्या गावाला दाखवला!"

आणि मला स्वतःला आठवत होता पिवळा. अगदी स्पष्ट. मी रेडिएटरमध्ये पाणी ओतायला आईबरोबर उभी आहे, आणि समोर पिवळंधमक.

फोटो शोधले. जीपचे फोटो पुष्कळ, बोनेट मात्र सगळ्यांत बंद. उघड्या बोनेटचा फोटो कोण काढतं? लेथवाल्याला विचारावं तर त्याच्या टाकीतून जे बाहेर आलं ते कोरं लोखंड. मेस्त्रीला विचारलं, इंजिन उतरवलं तेव्हा कोणता होता?

"काळा," मेस्त्री म्हणाला.

"काळा?"

"ताई, तेल आणि धूळ बसली की सगळेच काळे. खालचं कोण बघतं? कंपनीचा म्हणाल तर ह्या मॉडेलला सिल्व्हर येतो." मग जरा थांबून, "किंवा ग्रे." आणि आणखी जरा थांबून, "काही गाड्यांना हिरवापण बघितलाय मी."

माझ्या डोक्याला मुंग्या आल्या.

रंगाच्या दुकानात गेले तर आगीतून फुफाट्यात. दुकानदार म्हणाला, इंजिनाला साधा ऑइल पेंट चालणार नाही, जळतो, धूर होतो, घाण वास मारतो. हीटप्रूफ लागेल. किती डिग्रीचा देऊ? मी काय सांगणार? ताप मोजायची सवय, तीही शंभरच्या वर गेला की घाबरायचं. तो म्हणाला, ब्लॉकला वेगळा, जिथून सायलेन्सरकडे धूर निघतो त्या भागाला वेगळा, तो जास्त तापतो. ब्रशचा की स्प्रेचा? आधी प्रायमर की डायरेक्ट? मागे उभा असलेला एक गिऱ्हाईक म्हणाला, जाड थर देऊ नका, इंजिनाची उष्णता आत कोंडते. दुसरा म्हणाला, काही होत नाही. दोघं एकमेकांशी वाद घालू लागले आणि दुकानदार त्यांच्यात सामील झाला. मी शेवटी भावाचं ऐकलं. तो रोज त्या घरात राहतो, त्याला ठाऊक असणार. हिरवा घेतला, हीटप्रूफ, चांगला महागातला.

रविवारी मी स्वतः रंग द्यायला बसले. मेस्त्रीने फोनवर सगळं सांगितलं होतं. थिनरचं फडकं घेऊन तेलाचा डाग न डाग पुसायचा, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो. पाइप, वायरी, पट्टा, प्लग, सगळ्यांना चिकटपट्टी लावून झाकायचं. एक हलका हात, वाळू द्यायचं, दुसरा हलका हात. श्रावणाची दमट हवा, मधूनच सर येत होती, म्हणून गोठ्याच्या पत्र्याखाली जीप ढकलली. मला ते काम फार आवडलं, हे सांगायला हवं. ब्रशचं टोक खाचांतून फिरवताना, बोल्टच्या टोप्यांवरून वळवताना मन शांत होत होतं. संध्याकाळी इंजिन असं दिसायला लागलं की त्याला दृष्ट लागावी.

नानांना हात धरून दारापर्यंत आणलं. त्यांनी लांबूनच पाहिलं.

"हा मागचा," म्हणाले आणि वळले.

मागचा? म्हणजे काय मागचा? मी चिडले. खरंच चिडले. थिनरने हात सोलवटलेले, कंबर मोडलेली, आणि हे कोडी घालतात! मी भावाला म्हटलं, तुझ्या हिरव्याने घात केला. तो म्हणाला, हिरवाच होता, तेच तर म्हणाले, मागचा म्हणजे पूर्वीचा. मग वळले का? त्याला काय माहीत. मला त्या दिवशी मनापासून वाटलं की नाना आता आमच्या हाती लागत नाहीत. ते कुठेतरी आत निघून गेलेत आणि दाराला कडी लावून घेतली आहे. मी रडलेही थोडी, मोरीत पाणी सोडून.

मेस्त्रीने जुने पार्ट एका गोणपाटात भरून दिले होते. गॅरेजची ती रीत असते, बदललं म्हणून सांगितलं ते खरंच बदललं हे गिऱ्हाइकाने डोळ्यांनी बघावं. आम्ही ते पोतं न उघडताच गोठ्यात टाकलं होतं. दोन दिवसांनी ते हलवताना त्यातून एक जड तुकडा पायावर पडला. इंजिन ज्यावर बसतं तो लोखंडी पाय. चीर गेलेला, म्हणून बदललेला. आणि बदललेला, म्हणून कॉस्टिकच्या टाकीत न गेलेला.

मी जीपच्या किल्लीने त्यावरची काळी चिकट साय खरवडली. खाली हिरवा निघाला. भाऊ जिंकला म्हणायचा. पण हात चाळा म्हणून चालूच राहिला, आणि हिरव्याखाली निळा निघाला. निळ्याखाली केशरी. मग पांढरा, मग पुन्हा एक निळा, वेगळा, फिकट. मग माझा पिवळा! खाली, अगदी लोखंडाला चिकटून, आत्याचा कुंकवासारखा तांबडा. मधे तर असे रंग होते की त्यांची नावंही मला येत नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. पण कळसा सापडूनही मला काही उमगेना. इंजिनाला एवढे रंग कोण लावतं? आणि कशाला?

तो तुकडा तसाच ओच्यात घेऊन मी नानांच्या खाटेवर जाऊन बसले आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हाकडे धरला. अंगठ्याने खरवडलेल्या जागेवरून हळूहळू फिरवत राहिले.

"शिंगाचा रंग," ते म्हणाले.

"कशाचा?"

"पोळ्याच्या बाजारात शिंगाला लावायच्या डब्या मिळत्यात नाय का? त्यातली एक आणायची ती. दर साली. बैल इकले तरी तिची डबी चुकली नाय. आदल्या दिशी बोनेट उघडायची आन् इंजिनाला लावायची. म्हणायची, शिंगं नाय तर नाय."

"आणि आम्हाला कसं माहीत नाही?"

"तुमी कवा व्हते घरी? खांदेमळणीला तुमी पोरं दुसऱ्याच्या दारी, त्यांचे बैल धुयाला." त्यांनी तुकडा उलटा केला. "मागच्या साली लावला तो औंदा नाय चालत. बैलाला चालतो का?"

आता मला 'मागचा' समजला. आणि 'तुझ्या आईला विचार' हेही. त्यांना काही भ्रम झाला नव्हता. रंग निवडणं हे तिचं काम होतं, ते तिलाच माहीत, एवढं सरळ ते सांगत होते आणि आम्ही डॉक्टर शोधत होतो.

पण माझ्या गोंधळाला त्याने उतार पडला नाही, उलट भर पडली. कारण आता आठवून काढायला काही उरलंच नव्हतं. ह्या वर्षाचा रंग कुणी पाहिलेलाच नव्हता.

"ती कसा ठरवायची?" मी विचारलं. काहीतरी नियम असणार. मला वाटलं होतं, ज्या वर्षी टोमॅटोने हात दिला त्या वर्षी तांबडा, झेंडूच्या वर्षी पिवळा, असं काहीतरी सुंदर निघेल. नानांना मी तसं म्हटलंही.

"निळं काय पिकवलं मी?" ते म्हणाले.

"मग?"

"मला काय माहीत. तिला आवडंल तो. नायतर उरंल तो."

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी रजा टाकून बाजारात गेले. रस्त्याच्या कडेला गोंडे, घुंगरमाळा, बेगड, आणि लहान लहान डब्या ओळीने मांडलेल्या. मी डब्यांपुढे उभी राहिले, ती बराच वेळ. आईने काय उचललं असतं? आठवून पाहिलं तरी मला तिची आवड सापडेना. तिच्या लुगड्यांचे रंग आठवले, ते सगळे तिला कुणीतरी दिलेले. तिला स्वतःला कोणता रंग आवडतो, हे मी उभ्या जन्मात तिला विचारलं नव्हतं. आणि मला कोणता आवडतो? तेही सांगता येईना. विकणारी बाई वैतागली. "ओ ताई, किती बैल हायेत?"

"एकच," मी म्हणाले आणि घाईत राणी कलरची डबी उचलली. का, ते मला आजही माहीत नाही. बहुधा ती जवळ होती.

मेस्त्री जीपचं तेल बघायला आला होता. त्याने डबी पाहून कपाळाला हात लावला. "ताई, इंजिनाला राणी कलर? आणि हा तर साधा ऑइल पेंट आहे! तुमचा चांगला हीटप्रूफ हिरवा आहे ना वर?" मी म्हटलं, तो मागचा. तो माझ्याकडे नानांकडे बघावं तसं बघू लागला.

हिरव्यावर पॉलिश पेपर फिरवून मी राणी रंग चढवला. घाई होती, उजेड कमी होत होता, ब्रश भरभरून घेतला, थेंब नको तिथे ओघळले. मग वहिनीने वाटीत हळद आणि लोणी आणून दिलं. बैलांचे खांदे मळतात तसे जीपचे मळायचे. पण जीपला खांदे कुठे? मी आणि वहिनी वाटी घेऊन तिच्याभोवती फिरलो. भाऊ म्हणाला चाकं, वहिनी म्हणाली बोनेट.

"मडगाडं," दारातून आवाज आला. "पुढची दोन्ही."

नाना उंबरठ्याच्या आत उभे होते. मी मडगार्ड मळली. पुढचे शब्द आई म्हणायची, ते माझ्या तोंडून निघेनात. नानांनीच म्हटले, आतूनच, जीपकडे बघत, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आणि लगेच आत गेले.

पोळ्याच्या दुपारी बैल वेशीकडे निघाले. हलग्या वाजत होत्या. आम्ही जीपला माळा घातल्या, बोनेट उघडं ठेवलं आणि वाट पाहिली. कोणी हाक मारायला गेलं नाही. तेवढं आम्हाला आता कळलं होतं. नाना आले ते धुतलेला सदरा घालून, टोपी घालून. इंजिनाजवळ गेले. राणी कलर पाहून त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग ते वळसा घालून आले आणि शेजारच्या सीटवर बसले. आईच्या. मी गाडी चालवायची होती तर. वहिनीने त्यांच्या मांडीवर पुरणपोळीचं ताट ठेवलं.

भावाने बोनेट लावलं आणि मी चावी फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. बैलांच्या मागे, अंतर ठेवून, आम्ही निघालो. पाराजवळ पोहोचतो न पोहोचतो तोच बोनेटच्या फटींतून धूर यायला लागला, पांढरा, दाट, आणि त्याबरोबर जळक्या रंगाचा असा उग्र वास की डोळ्यांना पाणी आलं. सायलेन्सरच्या बाजूला ओघळलेले माझे थेंब तापून जळत होते. पोरं ओरडायला लागली. मागून चालत येणारा मेस्त्री धावत आला, "बंद करा! ताई, बंद करा!" मी चावीकडे हात नेला.

नानांनी माझं मनगट धरलं. दोन वर्षांत त्यांनी कुणालाही आपणहून हात लावला नव्हता.

"राहू दे," ते म्हणाले. "असाच येतो. देवळापोतूर राहतो."

आणि त्यांनी तो घाणेरडा वास छातीभर आत ओढला. मी पाहिलं, पाहून समोर बघितलं, कारण मलाही तो वास ओळखीचा वाटू लागला होता. पोळा, पुरण, हलगी आणि हा वास, लहानपणी हे सगळं एकत्रच यायचं. मला वाटायचं तो बैलांच्या रंगाचा असतो. तो आमच्याच जीपचा होता, दर वर्षी, चुकीच्या रंगाचा. मला आई इतकी जवळ वाटली की गिअर टाकायचं सुचेना.

मेस्त्री डोकं धरून चालत राहिला. बैल पुढे गेले. देवळाला फेरी मारून झाली तेव्हा धूर खरंच विरला होता. नाना खाली उतरले नाहीत. मांडीवरच्या ताटातली पुरणपोळी मोडून त्यांनी एक तुकडा डॅशबोर्डवर ठेवला, एक मला दिला.

"राणी बरा हाय," ते म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "फुडच्या साली कोणता लावशील?"